फुंकणीपासून टर्बोपर्यंत

मंडळी, इंजिनात जास्तीची हवा कोंबून त्याची ताकद वाढवायची युक्ती आता सव्वाशे वर्षांची होत आली. युक्ती लवकर सापडली. पण हवा किती कोंबायची, तिच्या जोडीला इंधन किती द्यायचं आणि कुठं थांबायचं, हे शिकायला माणसाला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लागली. आजचा लेख त्या शिकण्याचा इतिहास आहे.

आता तुम्ही म्हणाल, पुलगावात बसून शाळेत इतिहास शिकवलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाला हा विषय कुठून सुचला? तर विषय घरातूनच आला. आमच्या पुण्याच्या नातवानं जुनी फियाट लिनिया घेतली आहे, पेट्रोलवर चालणारी, टर्बोवाली. तिचा ‘बूस्ट’ वाढवून घ्यायचं त्याच्या मनात आहे. त्याच्या आईचा ठाम विरोध, वडील नेहमीप्रमाणे गप्प, आणि निकाल माझ्याकडे सोपवलेला. मी म्हटलं, निकाल द्यायला मी न्यायाधीश नाही, पण इतिहासाचा मास्तर आहे. मला जे वाचून कळलं ते लिहून काढतो, सगळ्यांनी वाचा आणि मग ठरवा. इतर ब्लॉगमित्रांनाही त्यात काही सापडेल अशी आशा आहे.

सुरुवात चुलीपासून करू. ज्यांनी फुंकणी हातात धरली आहे त्यांना अर्धा टर्बो आधीच कळला आहे. धुमसणाऱ्या लाकडावर फुंकर घातली की जाळ उठतो, कारण लाकूड होतंच, हवा कमी होती. पण चुलीत लाकूडच नसेल तर कितीही फुंका, राख तेवढी डोळ्यांत जाते. आणि लाकडं खच्चून भरली, हवेला वाट ठेवली नाही, तर घरभर धूर. लोहाराच्या भात्याचंही तेच. भाता हलवणारा पोरगा जोरात हलवेल, पण लोहाराची नजर लोखंडाच्या रंगावर असते. प्रमाणाबाहेर तापलं की लोखंडातून ठिणग्या उडायला लागतात, म्हणजे लोखंड जळतंय. भाता पोराच्या हाती असला तरी हुकूम लोहाराचाच.

इंजिन म्हणजे बंद चूल. पिस्टन खाली जाताना सिलिंडरभर हवा ओढून घेतो, तिच्यात इंधन जळतं, आणि त्या रेट्यानं पिस्टन परत ढकलला जातो. सिलिंडरचं माप ठरलेलं, त्यामुळे हवा ठरलेली, त्यामुळे इंधनही ठरलेलं. ताकद वाढवायची तर इंजिन मोठं करा किंवा त्याच इंजिनात हवा दाबून भरा. ही दाबून भरलेली जास्तीची हवा म्हणजे बूस्ट. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण एक बार. त्यावर अर्धा बार बूस्ट दिला की हवा ढोबळमानानं दीडपट झाली. अगदी दीडपट होत नाही, कारण दाबलेली हवा तापते (सायकलच्या पंपाचं बूड हाताला कसं गरम लागतं ते आठवा) आणि तापलेली हवा विरळ असते. म्हणून ती थंड करायला मध्ये इंटरकूलर नावाची जाळी बसवतात.

हवा दाबायला लागणारी शक्ती आणायची कुठून? स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावचा आल्फ्रेड ब्यूखी नावाचा इंजिनियर म्हणाला, इंजिनातून बाहेर जाणारा तप्त वायू फुकट चालला आहे, त्याच्यावरच एक चक्र फिरवा. त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवा, ते हवा आत ढकलेल. १९०५ साली त्यानं याचं पेटंट घेतलं. कागदावर सोपं वाटलं तरी प्रत्यक्षात जमायला वीस वर्षं गेली, कारण त्या उष्णतेत टिकणारा धातू आणि नीट चालणारं चक्र त्या काळी मिळत नव्हतं. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांवर त्याची पद्धत बसली आणि तीच इंजिनं १७५० ऐवजी २५०० अश्वशक्ती द्यायला लागली.

तिकडं अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या इंजिनियरला वेगळीच अडचण सोडवायची होती. विमान वर गेलं की हवा विरळ होते आणि इंजिन दमतं. १९१८ साली त्यानं ‘लिबर्टी’ विमानाचं इंजिन ट्रकवर चढवून थेट पाइक्स पीक या डोंगरावर नेलं. उंची सुमारे १४,००० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ३५६! दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ या बाँबफेकी विमानाला चार इंजिनं, चार टर्बो. सुरुवातीला त्यांचा दाब वैमानिकाला चार दांड्यांनी सांभाळावा लागे. पुढं एकाच बटणावर चालणारा विजेचा नियंत्रक आला. दाब सांभाळणं हे माणसाच्या हाताचं काम नाही, ही समजूत इथून पुढं वाढत गेली.

आता आपल्या गावात येऊ. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं आमचं पुलगाव. विजेच्या तारा येण्याआधी इथून डिझेल इंजिनं जायची. त्यांतलं सगळ्यांत ओळखीचं म्हणजे डब्ल्यूडीएम-२, मूळ अमेरिकेच्या आल्को कंपनीचं, २६०० अश्वशक्तीचं. १९६२ पासून ती आयात झाली आणि जानेवारी १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. गाडी सुटताना इंजिनाच्या माथ्यावरून काळ्याकुट्ट धुराचा लोट निघायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांची वाट लागायची, हे माझ्या वयाच्या कुणालाही आठवेल. तो लोट म्हणजे बूस्ट आणि इंधन यांचा चुकलेला हिशोबच. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की इंधन लगेच वाढे, पण टर्बोचं अवजड चक्र वेगात यायला वेळ लागे. तेवढ्या वेळात इंधन जास्त, हवा कमी. न जळलेला कोळसा आभाळात. चक्रानं वेग घेतला की धूर निवळे. ड्रायव्हरसमोर ‘बूस्टर एअर प्रेशर’ दाखवणारा काटा असे. दाब वाढत नाही आणि धूर थांबत नाही, म्हणजे टर्बोची तब्येत बिघडली, हे त्या काट्यावरून कळे.

रस्त्यावरच्या ट्रकांचंही तसंच. टर्बो डिझेलच्या पंपावर एक पातळ पडदा बसवलेला असायचा. आत हवेचा दाब जाणवला की तो पडदा सरकणार आणि मगच जादा डिझेल सुटणार. ‘डिझेल पंप व नोझल दुरुस्ती’ अशा पाट्यांच्या दुकानांत काही गाडीवाले पंपाचा स्क्रू फिरवून घेत. गाडी ओढते जोरात, पण धूर सोडते, आणि घाटात इंजिन तापतं.

कमिन्स या अमेरिकी कंपनीनं तर टर्बो डिझेल थेट शर्यतीत उतरवलं होतं. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत फ्रेड अगाबाशियन या चालकानं त्यांची डिझेल गाडी ताशी १३८ मैलांच्या सरासरीनं पळवून सगळ्यांत पुढची जागा पटकावली. दोनशे फेऱ्यांची शर्यत, गाडी एकाहत्तराव्या फेरीत बाद! कारण ऐका. टर्बोचं हवा घेणारं तोंड खाली, रस्त्यालगत होतं. टायरच्या घासलेल्या रबराचा चुरा त्यात जाऊन बसला आणि श्वासच कोंडला. हवा थांबली, इंधन मात्र येत राहिलं. दहा वर्षांनी, १९६२ साली, याच कमिन्सनं किर्लोस्करांच्या जोडीनं पुण्यात कंपनी काढली. पुण्याचा आणि टर्बोचा संबंध असा जुना आहे.

डिझेलमध्ये चूक झाली की निदान धूर दिसतो. पेट्रोलचं इंजिन जास्त कपटी. हवा आणि पेट्रोलचं पुस्तकी प्रमाण वजनानं १४.७ ला १. पण दाब चढलेला असताना एवढं पेट्रोल पुरत नाही. प्रमाण साधारण १२ ला १ च्या आसपास आणावं लागतं. जास्तीचं पेट्रोल तिथं जळण्यासाठी नसतंच, ते वाफ होताना सिलिंडर थंड ठेवतं. हवा वाढवली आणि पेट्रोल वाढवलं नाही, तर मिश्रण ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पोचायची वाट न बघता कोपऱ्याकोपऱ्यांत आपसूक फुटतं. याला नॉकिंग म्हणतात. इंधनानं सिलिंडरात जळायचं असतं, फुटायचं नसतं. जळणं आणि फुटणं यांतला फरक पुलगावकरांना शिकवावा लागत नाही. ३१ मे २०१६ ची, दारूगोळा भांडारातल्या आगीची रात्र आम्ही विसरलेलो नाही. इंजिनातला स्फोट चिमुकला, पण मिनिटाला हजारो वेळा होणारा. पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात, आणि बाहेर धूर दिसेलच असं नाही.

मोटारगाडीवाल्यांना हे १९६२ साली पहिल्यांदा नीट कळलं. त्या वर्षी अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बोवाली गाडी आली. नॉकिंग टाळायला तिच्यात एक वेगळी टाकी होती. पाणी आणि मेथॅनॉल यांचं मिश्रण दाबाच्या वेळी आत फवारलं जाई. टाकी रिकामी झाली तर दाब आपोआप कमी होईल अशीही सोय होती. म्हणजे इंजिनियरांनी सगळा विचार केला होता, फक्त माणसाचा केला नव्हता. लोक टाकी भरायलाच विसरत आणि गाडीत दम नाही म्हणून तक्रार करत. दोनच वर्षांत ती गाडी बंद झाली. १९७३ साली बीएमडब्ल्यूनं २००२ टर्बो आणली. तिच्या पुढच्या बाजूला ‘टर्बो’ हा शब्द उलटा रंगवून मिळत असे, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटा वाचता यावा म्हणून! पण त्याच वर्षी तेलाचं संकट आलं आणि तीही थोड्याच दिवसांची पाहुणी ठरली.

खरी वाट दाखवली स्वीडनच्या साबनं. पेर गिलब्रांड हा त्यांचा इंजिनियर. त्यानं छोटा टर्बो घेतला आणि त्याला ‘वेस्टगेट’ लावलं. वेस्टगेट म्हणजे धरणाची सांडवा-झडप समजा. दाब ठरलेल्या रेषेला पोचला की झडप उघडते आणि जादा वायू चक्राला न फिरवता बाहेर जातो. १९८२ च्या सुमारास साबनं त्यापुढची पायरी गाठली. इंजिनाच्या अंगावर कान लावून बसलेला एक सेन्सर बसवला. नॉकिंगची पहिली चाहूल लागली की वेस्टगेट उघडून दाब उतरवायचा. चांगलं पेट्रोल असेल तर दाब जास्त, हलकं असेल तर कमी. लोखंडाच्या रंगाकडं बघणारा लोहार अखेर यंत्रात आला.

याच काळात फॉर्म्युला वन शर्यतीत उलटा प्रकार चालला होता. १९७७ साली रेनॉनं पहिली टर्बो गाडी उतरवली. ती इतक्यांदा धूर सोडत थांबे की तिला ‘पिवळी किटली’ असं नाव पडलं. १९७९ साली दिजोंला तिनं पहिली शर्यत जिंकली आणि मग सगळेच टर्बोमागं लागले. दाब इतका वाढला की नियम करणाऱ्यांना लगाम घालावा लागला. त्यांनी कोणत्या दोऱ्या ओढल्या बघा: इंधन आणि दाब. १९८४ पासून शर्यतीला २२० लिटर, १९८६ पासून १९५ लिटर. १९८७ ला दाब ४ बारवर आणला, १९८८ ला २.५ बारवर, आणि टर्बोवाल्यांना पेट्रोल फक्त १५० लिटर. टर्बो मरावा हाच हेतू, कारण १९८९ पासून त्यावर बंदी येणारच होती. पण त्या शेवटच्या वर्षी होंडाचं टर्बो इंजिन असलेल्या मॅक्लारेननं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या! शिधा सगळ्यांत कमी आणि यश सगळ्यांत मोठं. कारण तोवर दाब, इंधन आणि ठिणगीची वेळ या तिन्हींचा हिशोब संगणक क्षणाक्षणाला करत होता. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यांत मोलाचं वाटलेलं पान हेच.

आजच्या गाडीतलं ईसीयू हे त्याच हिशोबनीसाचं वंशज. दाब किती, हवा किती गरम, एक्झॉस्टमध्ये प्राणवायू किती उरला, नॉकिंग होतंय का, अशा बातम्या सेन्सर आणतात आणि ईसीयू आपल्या तक्त्यातून पेट्रोल आणि ठिणगी ठरवतं. दाब मर्यादेबाहेर गेला तर कित्येक गाड्यांत ते इंधनच तोडतं, इंजिन वाचावं म्हणून.

बूस्ट वाढवायचे मार्ग दोन. एक, वेस्टगेटकडं जाणाऱ्या नळीत छोटी झडप घालून तिला खोटा दाब कळवायचा, आणि इंधन तुटू नये म्हणून ईसीयूलाही खोटी बातमी द्यायची. माझ्या विषयाच्या भाषेत याला फितुरी म्हणतात. तट शाबूत, तोफा शाबूत, पण पहारेकरी फोडलेला. असे किल्ले कसे पडले ते आपण शाळेत शिकलो. दुसरा मार्ग, ज्याला रिमॅप म्हणतात, त्यात तक्ता नव्यानं लिहितात. दाब वाढवला तिथं पेट्रोलही वाढवतात, ठिणगी थोडी मागं घेतात आणि पहारेकऱ्यांना जागेवर ठेवतात. निदान तसं करायला हवं. तक्ता लिहिणारा कोण आहे यावर सगळं आहे.

आणि यात एक महाराष्ट्राचं उदाहरण आहे, तेही नातवाच्याच गाडीचं. लिनिया टी-जेटचं १३६८ सीसीचं टर्बो इंजिन २०१० साली आपल्याकडं आलं तेव्हा सुमारे ११४ अश्वशक्ती द्यायचं. २०१५ साली पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो निघाली. तेवढ्याच मापाचं टी-जेट इंजिन, पण १४५ अश्वशक्ती. म्हणजे वाढ होऊ शकते, हे खुद्द बनवणाऱ्यानंच दाखवलं. पण त्यानं नुसता दाब वाढवला नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, गाडी खाली बसवली, सस्पेन्शन कडक केलं, आणि चाचण्या करून, कायद्याचा शिक्का घेऊन ती विकली. या गाड्या आता बनत नाहीत, त्यामुळे सुटे भाग मिळवणं हाही एक प्रश्नच.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो, तो वेगळाच.

मला स्वतःला त्याहून मोठी वाटते ती वर्ध्याची हवा. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बसवलेला तक्ता मे महिन्यात इथं ४५ अंशांच्या पुढं काय करील? आणि आमची मुलं येतात समृद्धी महामार्गानं, तासन्‌तास एकाच वेगानं, इंजिनाला उसंत नाही. शर्यतीच्या गाडीत एकटा चालक असतो, हेल्मेट घालून. या गाडीत मागच्या सीटवर आजी असते आणि दोन लहान पोरं असतात. शिवाय पेट्रोलही आता पूर्वीचं नाही, त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं, पण त्याला हवा कमी पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. जुन्या पेट्रोलवर लिहिलेला तक्ता आज जसाच्या तसा चालेलच असं नाही.

तेव्हा बाळा, निकाल तूच दे. फक्त ज्याच्याकडं गाडी नेशील त्याला चार गोष्टी विचार. भर दाबात हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजून कागदावर देणार का? नॉकिंगचा सेन्सर चालू ठेवणार का? आत जाणाऱ्या हवेचं तापमान वाढलं की दाब उतरेल अशी व्यवस्था आहे का? आणि आरटीओची परवानगी कशी मिळणार? चारातल्या एकाही प्रश्नावर तो नुसता हसला, तर चहा पिऊन परत ये. आणि सध्या आहे त्या गाडीचे स्पार्क प्लग, ऑइल, इंटरकूलरच्या नळ्या नीट तपासून घे. जुन्या टर्बो गाडीची हरवलेली ताकद पुष्कळदा तिथंच सांडलेली असते.

असो. लेख लांबला. आपल्या वाचकांत रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे आहेत. डब्ल्यूडीएम-२ च्या त्या बूस्टरच्या काट्याबद्दल त्यांनी जरूर लिहावं. काटा खाली असताना मालगाडी चढावर कशी काढत, हे मला पुस्तकात कुठं सापडलं नाही.